बाबांच्या कॅसेटींमधल्या जाहिराती कापू नका

फोंड्याहून एका ताईंनी विचारलं आहे: "बाबा गेल्यावर जुनं घर आवरताना माळ्यावर व्हीएचएस कॅसेटींचे दोन खोके मिळाले. बाबांनी दूरदर्शनवरून रेकॉर्ड केलेलं रामायण, महाभारत, चित्रहार, क्रिकेटच्या मॅचेस. मुंबईच्या आत्यानं पाठवलेल्याही काही कॅसेटी आहेत. काहींवर पांढरं काहीतरी धरलंय. भाऊ म्हणतो, हे सगळं यूट्यूबवर आहे, टाकून दे. मला मात्र मधल्या जाहिराती बघायच्या आहेत, लहानपणी त्याच तोंडपाठ होत्या. काय ठेवू, काय टाकू, आणि उतरवून घ्यायच्या तर कशा?"

ताई, एकही कॅसेट टाकू नका, आणि संगणकात उतरवून घेताना जाहिराती कापायला कुणालाही परवानगी देऊ नका. पांढरं धरलेल्या कॅसेटी आजच वेगळ्या काढा. त्या कुठल्याही मशीनमध्ये घालून बघू नका, अगदी 'चालते का तेवढं बघू' म्हणूनसुद्धा नाही. गोव्यात ह्या कॅसेटी फार झपाट्यानं जाताहेत, आणि बुरशीनं गेल्या नाहीत तर 'यूट्यूबवर आहे की' ह्या वाक्यावर कचऱ्यात जाताहेत. टीव्ही आणि व्हीसीआर दुरुस्तीत माझी उमेदीची वर्षं गेली आणि आता जुन्या टेप उतरवून देणं हेच मुख्य काम आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या भावाचं म्हणणं अर्धं खरं आहे. रामायण २५ जानेवारी १९८७ ला सुरू झालं, ३१ जुलै १९८८ ला संपलं, आणि २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा दूरदर्शननं ते पुन्हा दाखवलं. महाभारतही तेव्हा दाखवलं. श्याम बेनेगलांच्या 'भारत एक खोज'चे ५३ भाग आजही बघायला मिळतात. मालिका टिकल्या, कारण त्यांच्या मूळ प्रती निर्मात्यांकडे किंवा दूरदर्शनकडे होत्या आणि त्या जपण्यात कुणाचा तरी फायदा होता. पण रविवारी सकाळी साडेनऊला मालिका सुरू होण्याआधीची चार-पाच मिनिटं कुणी जपली? कुठल्या साबणामागून कुठली टूथपेस्ट आली, निवेदिका काय बोलली, घड्याळ किती वेळ दिसत राहिलं, मधेच प्रक्षेपण तुटल्यावर दिलगिरीची पाटी किती वेळ राहिली, हे जपावं असं कुणालाच वाटलं नाही. निवेदन तर बहुतेक वेळा थेटच व्हायचं, बोलून झालं की हवेत विरलं. जाहिरातीची फिल्म एखाद्या एजन्सीच्या गोदामात असेलही, पण ती कुठल्या दिवशी, कशाच्या आधी, कशाच्या नंतर लागली हा क्रम फक्त तुमच्या बाबांसारख्यांच्या कॅसेटींत उरला आहे.

हे मी गोव्याच्या प्रेमापोटी फुगवून सांगत नाही. टेप महाग होत्या त्या काळात त्या पुसून पुन्हा वापरायची पद्धत जगभरच्या केंद्रांत होती. आपल्या दूरदर्शनवरही तेच झालं, आणि सुरुवातीच्या वर्षांतलं पुष्कळ काही कायमचं गेलं. बीबीसीसारख्या संस्थेनं 'डॉक्टर हू' ह्या मालिकेचे साठच्या दशकातले कितीतरी भाग पुसून टाकले. त्यांपैकी जे सापडले नाहीत त्यांचा आवाज मात्र शाबूत आहे, कारण तेव्हाच्या पोरांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर तो धरून ठेवला होता. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स यांनी तीसहून अधिक वर्षं, २०१२ मध्ये वारल्या तोवर, घरी टीव्ही रेकॉर्ड केला, बातम्या आणि जाहिराती जशा आल्या तशा. सुमारे ७० हजार कॅसेटी झाल्या, आणि त्या आता इंटरनेट आर्काइव्ह ह्या ऑनलाइन संग्रहाकडे आहेत. घरच्या माणसांना तो पसारा वाटत असणार. आज अभ्यासक त्यात शिरतात.

आता जाहिरातींविषयी. तुम्हाला त्या मालिकांपेक्षा जास्त आठवतात यात नवल काही नाही. दूरदर्शनवर व्यापारी जाहिराती सुरू झाल्या १ जानेवारी १९७६ ला. तिथपासून नव्वदच्या सुरुवातीला केबल येईपर्यंत बहुतेक घरांत वाहिनी एकच. वाड्यावर टीव्ही दोन-तीन घरांत, बाकीचे सगळे त्यांच्या सोप्यावर किंवा खिडकीशी. मालिकेचा भाग एकदाच लागायचा, जाहिरात मात्र आठवड्यात कितीदा तरी. शिवाय सगळ्यांनी ती एकाच क्षणी पाहिलेली असायची, म्हणून दुसऱ्या दिवशी शाळेत एकानं अर्धी ओळ म्हटली की बाकीची अर्धी दुसरा पुरी करायचा. आजच्या पोरांना प्रत्येकाच्या फोनवर वेगळी जाहिरात दिसते. तसं एकत्र पाठ होणं आता होत नाही.

त्या जाहिराती नुसत्या गोड आठवणी म्हणून बघू नका, त्यांत त्या काळचा बाजारही दिसतो. सर्फच्या ललिताजींचं घ्या. निर्मा स्वस्तात विकली जायला लागली आणि सर्फसारख्या महाग पावडरीला आपली किंमत पटवून देणं भाग पडलं. म्हणून लिंटास ह्या जाहिरात कंपनीच्या अलेक पदमसींनी भाजीवाल्याशी घासाघीस करणारी, एकेक पैसा मोजणारी, तरीही महाग पावडर निवडणारी बाई उभी केली. कविता चौधरी ती भूमिका करायच्या. पुढे त्यांनीच 'उडान' ही मालिका लिहिली, दिग्दर्शित केली आणि तीत कामही केलं. तुमच्या बाबांच्या एकाच खोक्यात दोन्ही सापडू शकतील. 'हम लोग' १९८४ ला आली आणि तिच्यासोबत प्रायोजक म्हणून मॅगी घराघरांत शिरली. आपल्याकडे संध्याकाळच्या खाण्याला तोवर फोव, शिरा, गोडशें. नूडल्स हा प्रकार कुळागरातल्या घरांपर्यंत दुकानदारानं नाही, टीव्हीनं पोचवला.

डिचोलीचे एक किराणा दुकानदार कॅसेटी घेऊन आले होते. त्यांना मालिकांत रस नव्हता. जाहिरातीत पुडा दिसला की थांबवायला सांगायचे: हा जुना पुडा, ह्यानंतर कागदी जाऊन प्लास्टिकचा आला, ही साबणाची वडी तेव्हा एवढी लांब होती, आम्ही तारेनं अर्धी कापून विकायचो. मला जे आकर्षक चित्र वाटत होतं, तो त्यांच्या फळीवरचा माल होता. त्यांचं बोलणं मी मोबाइलवर रेकॉर्ड करून त्यांच्याच फाइलींसोबत दिलं. तुमच्या घरात असं कुणी वडीलधारं असेल तर कॅसेटी उतरल्यावर त्यांना शेजारी बसवून जाहिराती दाखवा आणि त्यांना बोलू द्या.

गोव्याचं म्हणून काही विशेष त्या दोन खोक्यांत असायची दाट शक्यता आहे. ३० मे १९८७ ला गोवा घटक राज्य झालं. त्या आठवड्यातली कुठलीही बातमीची पट्टी, रामायणाच्या भागाला लागून चुकून राहिलेली, मला मालिकेच्या दहा भागांपेक्षा मोलाची वाटेल. आल्तिनोवरच्या दूरदर्शनच्या पणजी केंद्राचे मराठी-कोंकणी कार्यक्रम कुठे असतील तर त्या कॅसेटींवर लाल खूण करा. १५ ऑगस्ट १९८८ ला पहिल्यांदा लागलेलं राष्ट्रीय एकात्मतेचं 'मिले सुर मेरा तुम्हारा' हे गाणं सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात आपल्या लोटलीचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा क्षणभर दिसतात. गाणं सगळीकडे मिळतं, पण ते कशाच्या मधे आणि किती वेळा लावायचे हे फक्त घरच्या रेकॉर्डिंगवरूनच कळतं.

आणि आत्याच्या कॅसेटी! त्यांना सगळ्यात आधी हात घाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. 'गजरा', 'ज्ञानदीप', 'आमची माती आमची माणसं', संध्याकाळच्या मराठी बातम्या, रविवारची साप्ताहिकी, दूरदर्शनसाठी केलेली नाटकं, असं मराठीपण तिथून चालायचं. गोव्यातल्या मराठी घरांना ते मुंबईच्या नातेवाइकांनी एस.टी.नं किंवा बोटीनं पाठवलेल्या कॅसेटींतून मिळायचं. मुंबईत हे रेकॉर्ड करणारे थोडे, त्यांतलं जपणारे त्याहून थोडे. प्रदीप भिडे बातम्या वाचताहेत आणि पाठोपाठ निवेदिका उद्याचे कार्यक्रम सांगते आहे, असा दहा मिनिटांचा तुकडा जरी निघाला तरी तो जपण्याजोगा आहे.

आता पांढऱ्या बुरशीकडे येतो, कारण खरी लढाई तिथे आहे.

व्हीएचएसची टेप म्हणजे अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर रुंदीची पॉलिस्टरची पट्टी. तिच्यावर चिकट बाइंडरमध्ये चुंबकीय कण बसवलेले. बुरशीला हवा असतो ओलावा आणि खायला काहीतरी, आणि बाइंडर नि त्यावर बसलेली धूळ तिला पुरते. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की ती वाढते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या आसपास असते, आणि कौलारू घराचा माळा म्हणजे वरून गरम, आत ओला. टेपला हवी असते साधारण १८ ते २० अंश आणि ३०-४० टक्के आर्द्रता. म्हणजे आपली हवा वर्षातले चार महिने थेट तिच्या विरोधात असते.

बुरशी टेपच्या कडेनं आत शिरते. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण तुमच्या जाहिरातींचा जीव तिच्यात आहे. व्हीएचएसमध्ये चित्र टेपच्या मधल्या भागात तिरप्या रेघांत लिहिलेलं असतं. साध्या मोनो व्हीसीआरचा आवाज मात्र एका कडेला सरळ पट्टीत असतो, आणि दुसऱ्या कडेला चित्राचा ताल धरणारा कंट्रोल ट्रॅक. म्हणून कड खराब झाली की आधी आवाज जातो, किंवा चित्र उड्या मारायला लागतं. मधलं चित्र त्या मानानं बरं राहतं. मालिका आवाज फाटला तरी कळते, पण जिंगल म्हणजे सगळा आवाजच. तुम्हाला जे ऐकायचं आहे तेच सगळ्यात आधी मरतं, म्हणून पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबू नका.

तपासायचं असं. उजेडात कॅसेट धरून तिच्या वरच्या खिडकीतून दोन्ही रिळांकडे बघा. टेपच्या गुंडाळीचा वरचा भाग काळा, गुळगुळीत, एकसारखा दिसायला हवा. पांढरे ठिपके, जाळी किंवा पीठ शिंपडल्यासारखं दिसलं तर ती बुरशी. काही ठिकाणी गुंडाळीतून टेपच्या कडा वर आलेल्या दिसतील, ते सैल गुंडाळल्याचं लक्षण, त्याची फार काळजी नको. खालच्या बाजूला एका कडेच्या बटणानं पुढचं झाकण उघडतं. तिथे दिसणारा टेपचा तुकडा सुरकुतलेला आहे का तेही बघून घ्या. नाकाला एन-९५ मास्क आणि हातात मोजे, हे विसरू नका. ही बुरशी छातीत गेलेली बरी नाही, आणि दमा असलेल्यांनी हे काम करूच नये.

बुरशी लागलेल्या कॅसेटी बाकीच्यांपासून दूर, कागदी पिशवीत ठेवा. नंतर हवाबंद डब्यात भरपूर सिलिका जेल घालून दोन आठवडे कोरड्या होऊ द्या. ओली बुरशी पसरते, कोरडी झाली की भुकटी होते आणि निघते. उन्हात ठेवू नका. आपल्याकडे पावसानंतर पापडापासून गाद्यांपर्यंत सगळं उन्हाला लावायची सवय आहे, पण टेपला ते ऊन मानवत नाही, पट्टी वाकडी होते आणि कवच तडकतं. डांबराच्या गोळ्याही खोक्यात टाकू नका. ओव्हनमध्ये भाजायचा एक उपाय इंटरनेटवर फिरतो. तो काही विशिष्ट जातीच्या स्टुडिओ टेपसाठी आहे, घरच्या व्हीएचएसला लावू नका.

साफ करताना मी काय करतो ते सांगतो, म्हणजे ज्याच्याकडे कॅसेट द्याल त्याला विचारता येईल. कॅसेट पालथी करून पाच स्क्रू काढायचे, मग सरळ करून वरचं कवच हळूच उचलायचं. कुठला भाग कुठे बसला होता याचा फोटो आधीच काढलेला बरा, कारण आत छोट्या स्प्रिंगा असतात आणि एखादी उडाली की दिवस जातो. दोन्ही रिळं बाहेर काढून नव्या स्वच्छ कवचात बसवायची. जुन्या कवचात बुरशीचे कण राहतात, त्यामुळे जुनं कवच परत वापरायचं नाही, फक्त त्यावरचं लेबल जपायचं. मग हातानं चालवायच्या रिवाइंडरवर टेप अगदी सावकाश फिरवत दोन्ही बाजूंना मऊ, धागे न सुटणारं कापड धरायचं. हट्टी डाग असतील तर त्या कापडाला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा अगदी किंचित ओलावा. एक वळण झालं की कापड बदलायचं. तीन तासांची टेप म्हणजे सुमारे अडीचशे मीटर पट्टी, त्यामुळे घाईचं काम नाही. मऊ कापडावर आलेली राखाडी भुकटी पाहिली की ती व्हीसीआरमध्ये गेली असती तर काय झालं असतं हे लगेच कळतं.

व्हीसीआरमध्ये ती जाते कुठे? आत ६२ मिलिमीटर व्यासाचा ड्रम असतो. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत तो मिनिटाला १५०० फेऱ्या घेतो आणि त्याच्या बारीकशा हेडवरून टेप घासत जाते. चित्राची प्रत्येक तिरपी रेघ जेमतेम ४९ मायक्रॉन रुंद, डोक्याच्या केसाहून बारीक. बुरशीचा एक कण हेडच्या फटीत बसला की चित्राऐवजी नुसतं बर्फ. त्यानंतर त्याच मशीनमध्ये घातलेल्या प्रत्येक चांगल्या कॅसेटला लागण. म्हणूनच वर सांगितलं, 'एकदा घालून बघू' नको.

मशीनची गोष्ट कठीण होत चालली आहे. शेवटचे नवे व्हीसीआर जपानच्या फुनाईनं बनवले आणि जुलै २०१६ मध्ये तेही थांबले. आज जे आहेत ते जुनेच, बऱ्याच घरांत आखातातून किंवा बोटीवरून आलेले. तुमच्या घरात बाबांचा व्हीसीआर असेल तर तो फेकू नका, पण लगेच चालूही करू नका. आतले रबराचे पट्टे वितळून चिकट झालेले असतात आणि टेप ओढणारा पिंच रोलर दगडासारखा कडक. असं मशीन कॅसेट गिळतं आणि चघळून बाहेर टाकतं. आधी दुरुस्ती, मग एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट घालून तासभर चाचणी, आणि तिथून पुढे तुमचं सामान. हेड पुसताना कापसाच्या काडीनं उभं घासलं तर हेड तुटतं. पातळ चामडं अल्कोहोलमध्ये भिजवून ड्रमला हलकं टेकवायचं आणि ड्रमच हातानं फिरवायचा. एक बरं आहे, ज्या मशीनवर रेकॉर्ड केलं त्याच मशीनवर टेप पुष्कळदा सगळ्यात चांगली चालते, म्हणून बाबांचा व्हीसीआर दुरुस्त होण्याजोगा असेल तर त्यावर खर्च करा.

उतरवण्याच्या कामात माझा सगळ्यात मोठा राग एका सवयीवर आहे. एक नातेवाईक बाई लग्नाआधीच्या टीव्ही रेकॉर्डिंगच्या कॅसेटी एका दुकानातून उतरवून घेऊन आल्या. हातात आली ती डीव्हीडी. जाहिराती 'क्लीन' करून काढलेल्या, चित्र दोन्ही बाजूंनी ताणून आजच्या रुंद टीव्हीला भरवलेलं, माणसं बुटकी आणि जाडी. आणि मूळ कॅसेटी दुकानदारानं 'आता काय करायच्या' म्हणून टाकून दिलेल्या. परत मिळवायला काही उरलंच नव्हतं. त्यामुळे कॅसेट कुणाकडेही द्या, देण्याआधी लिहून घ्या: पूर्ण टेप पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत, काहीही न कापता, चित्र जुन्या टीव्हीच्या ४:३ आकारातच, आणि मूळ कॅसेटी परत.

शेवटपर्यंत म्हणजे खरोखर शेवटपर्यंत. बाबांनी जुन्या रेकॉर्डिंगवर नवं केलं असेल तर नवं जिथे संपतं तिथून जुन्याची शेपटी सुरू होते. तीन तासांच्या कॅसेटच्या शेवटच्या दहा मिनिटांत चार वर्षांपूर्वीची संध्याकाळ निघालेली मी पाहिली आहे. जाहिरात आली की पॉज दाबायची पद्धत तुमच्या बाबांचीही असेल. बोट उशिरा पडलं की जाहिरातीचा पहिला सेकंद-दीड सेकंद राहतो. तो तुकडाही काढू नका, त्यावरून जाहिरात ओळखता येते. लाईट गेली तिथे चित्र अचानक तुटतं आणि पुढे वेगळाच कार्यक्रम सुरू होतो. पावसात अँटेना हलल्याची दुहेरी चित्रं दिसतात. हे दोष टेपवरच आहेत, ते कुठल्याही सॉफ्टवेअरनं जाणार नाहीत आणि घालवायचा हट्टही नको.

तांत्रिक बाजू थोडक्यात. व्हीसीआरची तार थेट स्वस्तातल्या यूएसबी डोंगलला लावली तर चित्र मधेच निसटतं आणि आवाज पुढे-मागे होत जातो, कारण जुन्या टेपचा ताल डळमळीत असतो. मधे टाइम बेस करेक्टर, म्हणजे हा डळमळीत ताल सावरणारं यंत्र, हवं. वेगळा यंत्रसंच परवडत नसेल तर काही जुने डीव्हीडी रेकॉर्डर, उदाहरणार्थ पॅनासॉनिकचा ईएस-१०, सिग्नल त्यातून नेला तर तेच काम बऱ्यापैकी करतात. मूळ प्रत लॉसलेस, म्हणजे चित्रातलं काहीही न गाळता, ठेवावी, ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, इंटरलेस (एकाआड एक रेघांचं चित्र) आहे तशीच. अशी फाइल तासाला ३०-४० जीबी घेते. जागेची अडचण असेल तर डीव्ही फॉरमॅटला तासाला साधारण १३ जीबी लागतात, आणि घरच्या टीव्ही रेकॉर्डिंगसाठी मला तेही चालतं. फोनवर बघायला आणि नातेवाइकांना पाठवायला वेगळी छोटी एमपी-४ करा, पण छोटी प्रत हीच एकमेव प्रत असं कधी होऊ देऊ नका. दोन वेगळ्या हार्ड डिस्क, त्यांतली एक दुसऱ्या घरी, भावाकडे ठेवलीत तर फारच उत्तम.

तारीख नसलेल्या कॅसेटींची तारीख लावणं हा माझ्या कामातला सगळ्यात आवडता भाग, आणि तिथेच जाहिराती उपयोगी पडतात. एका कॅसेटवर नुसतं 'रवि. सकाळ' लिहिलेलं होतं. आत महाभारताचा भाग. महाभारत २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९० चाललं, म्हणजे पावणेदोन वर्षांतला कुठलाही रविवार. मधल्या जाहिरातींत बजाज स्कूटरची ती देशभक्तीची जाहिरात निघाली, ती १९८९ ची, म्हणजे १९८८ बाद. पुढे एका कंपनीच्या जाहिरातीच्या शेवटी दिवाळीच्या शुभेच्छा. महाभारत चालू असताना दिवाळी दोनदाच आली, १९८८ ची आणि १९८९ ची. म्हणजे कॅसेट १९८९ च्या दिवाळीच्या सुमाराची. घरच्यांना मग आठवलं की त्या दिवाळीत घरात काय काय झालं होतं. जाहिराती कापल्या असत्या तर ती कॅसेट 'महाभारत, एक भाग' एवढीच राहिली असती.

कायद्याचं विचारलं नाहीत, तरी सांगून ठेवतो, कारण पुढची पायरी बहुतेकांची 'यूट्यूबवर टाकू' हीच असते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, प्रक्षेपणाचं स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेलं रेकॉर्डिंग चालतं. प्रक्षेपणावरचा हक्क २५ वर्षं राहतो, पण मालिका आणि जाहिरात ह्यांच्या फिल्मवरचा हक्क ६० वर्षांचा. म्हणजे घरी बघा, भावंडांना द्या, अभ्यासकाला दाखवा. पूर्ण भाग जगासाठी चढवू नका. त्याची गरजही नाही, ते आधीच आहेत. निवेदनं, जाहिरातींचा क्रम, पणजी केंद्राचं काही निघालं तर त्याची नुसती यादी करून ठेवलीत तरी एखाद्या संशोधकाचं मोठं काम होईल. यादीत कॅसेटचा क्रमांक, मिनिट-सेकंद, आणि काय दिसतं एवढं पुरे.

उतरवून झाल्यावर कॅसेटी उभ्या ठेवा, पुस्तकं ठेवतो तशा, पूर्ण एका टोकाला गुंडाळून. मागची छोटी टॅब मोडून टाका, म्हणजे चुकूनही कुणी त्यावर रेकॉर्ड करणार नाही. लाकडी कपाटाच्या खालच्या फळीत नको, तिथे ओल चढते. हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेल घालून, घराच्या सगळ्यात कोरड्या खोलीत ठेवा, आणि जेलचा रंग बदलला की ते तव्यावर गरम करून परत घाला.

क्रम असा धरा: आधी आत्याच्या मुंबईच्या कॅसेटी, मग बातम्या किंवा पणजीचं काही असलेल्या, मग क्रिकेट आणि चित्रहार, आणि रामायण-महाभारत शेवटी. बुरशीच्या कॅसेटी कोरड्या होईपर्यंत ह्या चांगल्या उतरवून होतील. त्याआधी प्रत्येक कॅसेटच्या लेबलचा, कव्हरचा आणि आत घडी करून ठेवलेल्या कागदाचा फोटो काढा. बाबांनी पेन्सिलीनं लिहिलेले आकडे बहुधा व्हीसीआरच्या काउंटरचे असतात, कुठे काय आहे त्याचे. ते फोटो मला पाठवलेत तर कुठल्या कॅसेटला आधी हात लावायचा ते मी बघून सांगतो.